दहावी खोली

नातीने उशी फाडली आणि कापसाच्या वासाने मी डिलाईल रोडच्या चाळीत पोचलो. तेव्हा मला गिरणी कामगारांच्या छातीच्या विकारांची पाहणी करायची होती. नियम दर दहाव्या खोलीतला कामगार तपासण्याचा. त्या सकाळी दहाव्या खोलीतून खोकला ऐकू येत होता. दारातली बाई म्हणाली, "रातपाळी करून आत्ताच निजलेत. सांजेक येवा हां, मी उठवून ठेवतंय."

मी हो म्हणालो आणि शेजारच्या खोलीतल्या दुपारपाळीच्या धडधाकट माणसाचं नाव लिहून घरी गेलो. अशा कितीतरी खोल्या मी बदलल्या. अहवालात खोकला किरकोळ ठरला. गिरणीच्या खात्यात धूळ ओढणारे पंखे बसले नाहीत.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. दहाव्या खोलीतला तो मात्र त्या संध्याकाळी झोप मोडून माझी वाट बघत बसला असेल.