मावशी खुर्ची निवडते

दुकानदाराशी भांडणारी माणसं पुष्कळ असतात. पण विकत आणलेल्या वस्तूशी जन्मभर भांडणारी साऱ्या भिवंडीत माझी मावशी एकटीच. मिक्सर सुरू झाला की ती त्याला दटावते, "ओरडतोस कशाला? शेंगदाणेच हायत." फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर त्याची लाज काढते. शिवाय कुठलीही वस्तू परीक्षा घेतल्याशिवाय तिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. एकदा गादी घ्यायला गेली ती दुकानातच दुपारभर झोपली. दुकानदाराने आधी घसा खाकरला, मग पंखा बंद केला, शेवटी हरून चहा मागवला. उठून तो चहा पिऊन मावशी म्हणाली, "गादी बरी हाय, पण तुझा पंखा बिघडलाय."

गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पायांनी काम सोडलं. मावशी त्यांच्याशीही भांडली. "एवढी वर्षं तेल चोळलं, त्याचे हे पांग फेडलेत व्हय?" पाय काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी चाकाची खुर्ची घ्यायला सांगितली आणि घरात दोन पक्ष पडले. नाशिकचा मुलगा फोनवरून म्हणाला, बॅटरीवरची घ्या, आईला कुणावर अवलंबून राहायला नको. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, हे लागलं. "बॅटरी कशाला? मी हाय ना ढकलायला!" पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात शिफ्टवर शिफ्ट काढलेली, त्यामुळे आपल्या दंडांवर त्यांचा अजून विश्वास होता. त्याच लूमच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान मात्र नेला होता.

मावशीने कल्याणच्या दुकानदाराला फोन करून दोन्ही खुर्च्या परीक्षेसाठी मागवल्या. असं कुणी देत नाही, हे तो सुरुवातीला सांगत होता. अर्ध्या तासाने कधी पाठवू, असं विचारायला लागला.

पहिल्यांदा हाताने ढकलायची निघाली. मागे काका, बाजूला मी. टेमघरच्या आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंतच मावशीला तिच्यातला दोष सापडला. "मागचा मानूस दिसतच न्हाय! तोंड दिसल्याशिवाय भांडायचं कसं?" मग ती मान वळवून वळवून बोलत राहिली. ती "उजवीकडं" म्हणाली, काकांनी डावीकडे घेतलं आणि भाजी आणायला निघालेलो आम्ही पिठाच्या गिरणीसमोर उभे राहिलो. "आलोच हाय तर दळून घेऊ," मावशी म्हणाली. दळण घरी होतं.

परतताना नाल्यावरच्या पुलाचा चढ लागला. अर्ध्यावर खुर्ची थांबली.

"काय झालं?"

"टेम्पो जाऊ दे पुढं," काका म्हणाले.

रस्ता रिकामा होता. मी हात पुढे केला तर काकांनी डोळे वटारले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. इतका वेळ मान मोडेपर्यंत मागे बघणारी मावशी या वेळी वळली नाही. समोर बघत म्हणाली, "जाऊ दे. लांबडा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी बॅटरीची निघाली आणि थेट भाजीवाल्याच्या कोथिंबिरीत शिरली. "अम्मा, हाथ छोडो, हाथ!" तो ओरडला. मावशीने हाताखालची चालवायची दांडी सोडली, खुर्ची जागच्या जागी थांबली. "सोडलं की थांबते? शहाणी हाय," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने निकाल दिला. "ह्यांना चालवता येत न्हाय. मला बॅटरीचीच पायजे."

"आन् लाइट गेली म्हंजे?" काकांनी विचारलं.

"मग ढकला की."

काका चहा न पिताच बाहेर निघून गेले. मला राग आला. "मावशी, असं तोंडावर कशाला बोलायचं?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "टेम्पो न्हवता रे. दम खात व्हते. मला पाठीमागनं ऐकू येत व्हतं."

"मग तसं सांग ना त्यांना."

"दमलात म्हनून सांगितलं तर हट्टानं रोज ढकलतील. त्यापरीस रुसूंदेत. रुसलेला मानूस घरात बसून तरी राहतो."

काका खरंच रुसले. लाइट जायची वाट बघत पंख्याकडे डोळे लावून बसायचे. मग एका संध्याकाळी मावशी खुर्चीवरून निघाली तसे चपला घालून बाहेर आले. "ब्रेक बघतो जरा," एवढंच म्हणाले आणि खुर्चीच्या बाजूने चालू लागले. मावशीने त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि वेग अगदी कमी केला.

आता रोज संध्याकाळी दोघं निघतात. भाजीवाला विचारतो, "अम्मा, आज भी बैलगाडी?" मावशी सांगते, "मशीन बूढा है, भैया." काका ऐकू न आल्यासारखं करतात, उजवा कान तिच्याच बाजूला असतो. मी समोरच्या ओट्यावर बसून बघतो. काकांचं पाऊल रेंगाळलं की खुर्चीही रेंगाळते. गल्ली आमची केवढीशी. पण हल्ली ती दोघं टोकाला पोहोचेपर्यंत घराघरांतले दिवे लागलेले असतात.