आधी आईवरून

तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास आला, की मला घामेजलेल्या हातांतलं ते स्टीअरिंग आठवतं.

पिंकी तेव्हा पाच वर्षांची होती. कन्हेरीहून डाळजला, माझ्या माहेरी, मी पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत निघाले होते. "पोरगी संगं हाय, डायवर घे," असं सासरे म्हणाले होते. मी ऐकलं नाही. भिगवण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. एकेक ओलांडताना मी श्वास रोखायची आणि मागून पिंकी ओरडायची, "आई, हिला पण मागं टाकलं!"

दारात माझी आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लांबून आलेल्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून तो ओवाळून टाकायचा. तिनं हात पुढं केला, तशी पिंकी मागं सरली.

"माझ्यावरून नको, आजी. गाडी आईनं आणलीय."

आईनं एकदा गाडीकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय गं बाय, खरं हाय तुझं." आणि तिनं तो तुकडा माझ्यावरून ओवाळला. तेव्हा मी लाजून मान खाली घातली होती. आज घातली नसती.

आज पिंकी पुण्याहून स्वतः गाडी चालवत येतेय, मागच्या सीटवर तिची लेक आहे. मी तुकडा मोडून ठेवलाय. आधी कुणावरून ओवाळायचा, हे मला आता कुणी सांगायला नको.