निळ्या कड्याचं पिल्लू

प्रशांतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाहूरच्या आमच्या कामाच्या खोलीत संगणकापुढे बसले होते. त्याची आई एवढंच म्हणाली, "गेला गं तो..." समोर नकाशावर निळा ठिपका उमटला होता, आदल्या दिवशीच्याच जागी.

त्याच्याविषयी मी लिहावं का, कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा साकीनाक्याला लेथ चालवतात. प्रशांतदादाच्या हाताखाली पक्ष्यांचं काम मिळालं म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे पोपट विकणार?" दादाला सांगितलं तर हसून त्याचा चहा सांडला. "घेऊन ये त्यांना एकदा. ठिपके दाखवू."

ते ठिपके म्हणजे क्रौंचांची, हिवाळ्यात इकडे येणाऱ्या करकोच्यांची, पिल्लं. वाटेत दरवर्षी बरीच मरतात. कच्छात हिवाळा काढून पिल्लं पहिल्यांदाच उत्तरेला परतत होती. पायात रंगीत कडं, पाठीवर उन्हावर चालणारं यंत्र. त्यावरून आम्ही इथे बसून माग काढायचो. ठिपका थांबला की नुसतं 'मेलं' म्हणून सोडायचं नाही, हा दादाचा नियम. माणूस पाठवायचा, पिल्लू शोधायचं. विजेची तार, विष, गोळी... कशानं मेलं ते बघायचं. "कारण कळलं तर मागचं वाचतं गं."

मग त्यालाच रक्ताचा कर्करोग झाला. मुलुंडच्या हॉस्पिटलात मी फोनवर नकाशा घेऊन जायची. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "निळं कुठे?" निळ्या कड्याचं पिल्लू सगळ्यांत लहान होतं. ते सीमा ओलांडून गेलं आणि पलीकडच्या वाळवंटात थांबलं. त्याची आई दारातच म्हणाली, "आज नको सांगूस." पण दादानं माझं तोंड बघितलं.

"थांबलं ना?"

"हो."

"कोण गेलंय बघायला?"

"सीमेपलीकडे आहे, दादा. तिकडच्या पक्ष्यांवर काम करणाऱ्यांना मेल टाकलाय. उत्तर नाही."

"परत टाक."

आमचं शेवटचं बोलणं तेच.

स्मशानात जो तो विचारत होता, कशानं गेला? प्रत्येकाला उत्तर मिळत होतं.

परवा बाबा आमच्या कामाच्या खोलीवर आले. निळ्याच्या पाठीवरच्या यंत्राची ऊन घेणारी पट्टी आभाळाकडे राहिली असणार. ऊन पडलं की ठिपका अजून येतो. बाबांनी बोट ठेवलं. "हा हलत का नाही?"

"मेलंय ते, बाबा."

"मग उचलायला कोणी गेलं नाही?"

मी त्यांना दादाच्या खुर्चीत बसवलं आणि परत मेल टाकला.