कोमलची पावलं

आज सकाळी गल्लीतल्या नळावरून कोमल भरलेली कळशी घेऊन येत होती. समोरून मोटरसायकल अंगावर आली, तशी ती पाठ न वळवता तीन तिरकी, हलकी पावलं मागे सरकली. पाण्याचा थेंब सांडला नाही.

ही पावलं तिला बॅडमिंटनच्या सरांनी शिकवलेली. महिनाभर त्यांनी तिला फुकट खेळू दिलं. पुढची फी गरीब मुलांसाठीच्या योजनेतून मिळायची होती.

त्या योजनेचा अर्ज मीच भरला. उत्पन्नाच्या रकान्यापाशी तिची आई, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, हळूच म्हणाली, "ताई, जरा वाढवून लिहा. पोरीला कुणी भिकारडं म्हणायला नको."

मी लिहिलं. इथे गरिबीच दाखवायची असते, हे तिला सांगायची मलाच लाज वाटली. अर्ज नामंजूर झाला. चूक सांगायला गेले, तोवर जागा भरल्या होत्या, आणि कोमलचं खेळणं सुटलं.

जन्मभर जे झाकायचं, तेच उघडं करून दाखवल्याशिवाय मदतीचा हात पुढे येत नाही. आणि माझ्या गप्प बसण्याला मी सभ्यपणा म्हणत होते.

"काकू, पाय अजून विसरले नाहीत बघा," कोमल हसत म्हणाली.

लवकर विसरू देत, असं माझ्या मनात आलं.