विमान उतरेपर्यंत बूट सोडायचे नाहीत

माझे बाबा बूट घालून झोपायचे.

आज ते गेले. म्हणून हे आज लिहितेय. इतकी वर्षं फक्त आईला माहीत होतं.

बाबा एअरफोर्समध्ये फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बरवर ड्यूटी. विमान उडवणारे नव्हेत, उडण्याजोगं ठेवणारे.

त्यांचे कपडे माझ्या हातांना अजून आठवतात. जाड सुती डांगरी, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा. बटणं आतून झाकलेली, पत्र्यावर ओरखडा उठू नये म्हणून. खिसे रिकामे. साधा कंगवासुद्धा नाही. इंजिनात पडला तर? लोकरी हातमोज्यांची टोकं कापलेली, कारण बारीक पिना उघड्या बोटांनीच बसतात.

आणि रबरी तळाचे बूट. खिळेवाले चालत नसत. विमानाचं इंधन म्हणजे केरोसीनच, त्याच्याजवळ एक ठिणगी पुरे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमचे शूज तपासायच्या. माझे शूज बाबा आरशासारखे चमकवून द्यायचे. स्वतःचे मात्र तेल पिऊन काळे.

त्या लोकांचा एक नेम होता. आपण रवाना केलेलं विमान उतरेपर्यंत बुटांच्या लेस सोडायच्या नाहीत. पाय सुजले तरी.

एका संध्याकाळी शिडी चढता चढता पायलट बाबांना म्हणाला, "बूट मत खोलना यार, अभी आता हूँ." मागून त्याचा नॅव्हिगेटर हसला.

ते विमान परत आलं नाही.

पुढे बदल्या झाल्या, रिटायरमेंट झाली. बूट ट्रंकेत राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. अर्धा सेक्टर रिकामा. बिल्डिंगमागे नवा कोरा रस्ता, रुंद, सरळ. ना दिवे, ना गाड्या.

पहिल्या थंडीत त्या रस्त्यावर धुकं उतरलं. बाबा बाल्कनीत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ट्रंक उघडली.

तेव्हापासून बूट पायातच, झोपेतही. उजाडताना डांगरी चढवायची, माकडटोपी घालायची आणि त्या रस्त्याच्या टोकाला जाऊन उभं राहायचं.

चौकीदार खालून ओरडायचा, "दीदी, अंकलजी फिर निकल गए!"

आई धास्तावली होती. त्या रस्त्यानं वाळूचे डंपर जायचे, धुक्यात हेडलाइट न लावता. "मरायचंय का तुम्हाला?" ती विचारायची.

"मी ड्यूटीवर आहे," बाबा म्हणायचे. अगदी शांतपणे.

एकदा ते आंघोळीला गेले असताना आईनं ते बूट जुन्या वस्तूंवर भांडी देणाऱ्या बर्तनवालीला देऊन टाकले. बदल्यात स्टीलचा डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी बर्तनवाली दारात. "बहनजी, अपने जूते रखो. सारे घर में मिट्टी के तेल की बू भर गई. और ये देखो."

दोन्ही बुटांच्या लेस करकचून बांधलेल्या होत्या. दिल्या तेव्हा त्या सुट्या होत्या.

"मैंने नहीं बाँधे," ती म्हणाली. डबासुद्धा परत घेतला नाही.

आईनं बूट बाबांपुढे ठेवले. मला म्हणाली, "उद्या तू जा त्यांच्याबरोबर. डंपर आला तर ओढ त्यांना."

गेले.

दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे.

मग आवाज आला. लांबून, खालून, जड. दिवा कुठेच नाही. मी बाबांची बाही धरून ओढलं. "बाबा, डंपर! बाजूला या!"

ते हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात वर केले. सावकाश, जवळ बोलवावं तसे आत घेतले. मग डोक्यावर फुली केली.

आवाज थांबला.

तोंडावर गरम वारा आला. जानेवारीत. केरोसीनचा वास इतका, की डोळे झोंबले.

समोर काही नव्हतं. खरंच सांगते, धुक्याशिवाय काही नव्हतं.

बाबा चार पावलं पुढे गेले. वर बघत त्यांनी हात पुढे केला, शिडीवरून उतरणाऱ्याला द्यावा तसा. मग पुन्हा एकदा.

"हाँ साब," म्हणाले. "नहीं साब, कोई बात नहीं." आणि हसले.

मग फुटपाथच्या कडेवर बसले, पाय लांब केले आणि मला म्हणाले, "सोड गं बाळा. सुटी झाली."

माझं नख लागताच गाठ सुटली.

बाबा मोज्यांवर घरी आले आणि दुपारपर्यंत झोपले. आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"कोणी होतं का तिथं?"

"मला नाही दिसलं, आई."

"मग?"

"बाबांनी दोनदा हात दिला."

आई ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. दोघंही आले."

त्यानंतर बाबा धुक्यात कधी गेले नाहीत.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. बाबांनाही आयुष्यभर तीच सवय.

काल हॉस्पिटलमध्ये मी त्यांचा हात धरून बसले होते. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"जातो गं," म्हणाले.

आई असती तर रागावली असती. मी नाही रागावले. 'येतो' म्हणून त्यांना मला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

जा बाबा. भरल्या मनानं निरोप.