कादंबरीतला नवरा

काल माळा आवरताना एक जुनी व्हिडिओ कॅसेट हाती लागली. त्या प्लास्टिकच्या वासाने मला थेट बर दुबईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती, एसी घरघरत होता. माझा नवरा सुधीर नुकताच उम्म अल कुवैनच्या बांधकाम साइटवरून आला होता. सुट्टी असूनही दर शुक्रवारी त्याला तिथे जावं लागे. मी काही विचारत नसे. फक्त धुण्याआधी त्याचा शर्ट हुंगून बघे.

आम्ही याच कॅसेटवरचा हॉलिवूडचा एक जुना खूनपट लावला. सगळा संशय नायिकेच्या नवऱ्यावर होता, पण शेवटी तो निर्दोष निघाला. मला हायसं वाटलं.

"मूळ कादंबरीत तोच खुनी आहे," चहा पीत सुधीर म्हणाला. "हिरो लोकांचा लाडका, म्हणून स्टुडिओने शेवट बदलायला लावला."

"तू कधी वाचलीस?"

"साइटवर. पडली होती तिथे."

सिमेंट आणि सळ्यांमध्ये इंग्रजी कादंबरी? पेपरापलीकडे काही वाचताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"खलास, रिवाइंड करून ठेव," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. पडद्यावर सगळं उलटं धावू लागलं आणि निर्दोष सुटलेला नवरा पुन्हा संशयित झाला.

आज सुधीर समोर पेपर वाचत बसलाय. ती कादंबरी मी अजून वाचलेली नाही.