बोलायला शांत जागा

काकाला सगळे काकाच म्हणतात, आणि हे त्याच्या विसाव्या वर्षापासून चालू आहे. प्रकाशनसंस्थेत नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने चष्मा कपाळावर ढकलला, समोरचा कागद हातभर लांब धरला आणि म्हणाला, "हं, बघू." तेवढ्यावर तिथला साठीचा मुख्य कारागीर त्याला म्हणाला, "या काका, बसा." ते चिकटलं ते चिकटलंच. आता काका एक्कावन्न वर्षांचा आहे, म्हणजे नावाला शोभेल असं वय एकदाचं आलंय.

काका प्रुफं तपासतो. पुस्तक छापायला जाण्याआधी लेखकाची मूळ प्रत आणि जुळवलेलं पान एकमेकांशी ताडून बघायचं, चूक दिसली की खूण करायची. तो ज्या पिढीत हे शिकला, त्या पिढीत हे काम दोघं मिळून करायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पानावर नजर ठेवायची. काकाचा जोडीदार निवृत्त झाला, तेव्हापासून काका एकटाच दोन माणसं होतो. तोंडाने मूळ प्रत वाचतो, बोट पानावर चालवतो. आणि वाचतो म्हणजे आपण वाचतो तसं नाही. सगळी चिन्हं तोंडाने म्हणायची. "मात्रा, कंस सुरू, तोंडावाटे, कंस पुरा, शून्य पॉइंट पाच, पूर्णविराम." याला एक चालही आहे. ओळ सुरुवातीला जरा चढते, मधे सपाट चालते आणि शेवटी, भरलेली बादली जमिनीवर टेकवावी तशी, धप्पकन खाली बसते. काकूच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतरचे पहिले सहा महिने तिला वाटत होतं, की नवरा काहीतरी अनुष्ठान करतोय.

तर काकूला परदेशात दोन वर्षांची नोकरी लागली. एका मोठ्या इस्पितळाच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत. काकाचं काम लॅपटॉपवर होत असल्याने तोही गेला. संपादक बाई म्हणाल्या, "अहो काका, पानं काय, कुठेही पाठवता येतात. तुम्ही खुशाल जा." सगळं कसं छान जमलं. फक्त काकूची पाळी निघाली रात्रीची. ती सकाळी आठला येणार, दुपारी तीनपर्यंत झोपणार. घर म्हणजे एक खोली, आणि स्वयंपाकघर म्हणजे त्याच खोलीचा एक कोपरा, ज्याला सरकतं दार होतं, पण ते दार छतापर्यंत पोचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या दारावरून काकूचा आवाज आला.

"अहो."

"काय गं?"

"स्वप्नातसुद्धा कंस पुरा ऐकू येतोय."

काका त्या दिवसापासून मनात वाचायला लागला. दोन महिने निभावलं. मग परिचारिकांसाठीचं औषधांच्या मात्रांचं पुस्तक आलं, नुसते आकड्यांचे तक्ते, आणि बाईंचा फोन आला. बाई फोनवर वाईट बातमी आधी थोडी गप्प राहून सांगतात.

"काका. पान एक्केचाळीस."

"हां."

"शून्य पॉइंट पंचवीसचं दोन पॉइंट पाच झालंय. दसपट. लहान बाळाचा डोस आहे. माझी नजर गेली म्हणून बरं."

एकतीस वर्षांत त्याच्या हातून असला आकडा सुटला नव्हता.

"उरलेल्या तक्त्यांची चौऱ्याऐंशी पानं पाठवतेय," बाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत हवीत. आणि काका, रागावू नका, पण यात असं काही निघालं तर पुढचं काम मला इथल्याच कोणाकडे द्यावं लागेल. बाळांचा प्रश्न आहे."

काका रागावला नाही. बाईंच्या जागी तो असता तर त्याने आताच काढून घेतलं असतं. काकूला त्याने संध्याकाळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बाहेर जागा घ्या ना. इथे टेबलं भाड्याने मिळतात. माझ्याबरोबरच्या एकीचा भाऊ जातो. कोवर्किंग म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळे एकत्र बसून वेगवेगळं काम करतात."

काकाला हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण सोमवारी सकाळी तो पिशवीत लॅपटॉप आणि डबा घालून निघाला.

पहिली जागा काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर होती. खाली एवढा जाड गालिचा, की काकाला आपण आत आलो की नाही हेच समजेना. काउंटरवर एक तरुण होता. तो इतका हळू बोलायचा, जणू शेजारी बाळ निजलंय. काकाची तिकडची भाषा यथातथाच, त्यामुळे संवाद झाला तो मराठीत साधारण असा:

"आपल्याला कशी जागा हवी?"

"शांत."

"अगदी योग्य ठिकाणी आलात. आमच्याकडे पूर्ण शांतता असते."

"उत्तम. मला बोलायचं असतं."

तरुणाने पापण्या दोनदा मिटल्या. "कॉल असतात का आपले?"

"नाही, कॉल नाही."

"मग कोणाशी बोलता?"

"कोणाशीच नाही."

"म्हणजे आपल्याला शांतता हवी आहे…"

"हो."

"…बोलायला."

"बरोबर," काका म्हणाला. त्याला वाटलं, चला, समजलं एकदाचं. तरुणाने त्याला खिडकीजवळचं टेबल दाखवलं आणि जाता जाता दोनदा वळून पाहिलं. काकाने मोठ्याने वाचलंच नाही, नुसते ओठ हलवले. अर्ध्या तासात टेबलावर एक पिवळी चिठ्ठी येऊन पडली. कोणी ठेवली ते दिसलं नाही. तिच्यावर लिहिलं होतं, 'कृपया ओठांचा आवाज करू नये.' काकाने ओठांवर बोट ठेवून अर्धं पान काढलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ते बोट पानावर हवं होतं.

मंगळवारची जागा अगदी उलटी. तिथे दारातच एक ताई उभी, तिचं काम फक्त लोकांचं स्वागत करण्याचं. "वाऽऽ, नवीन चेहरा! चला चला, सगळ्यांशी ओळख करून घेऊ." तिने टाळ्या वाजवल्या, सतरा माणसांनी माना वर केल्या, आणि काकाला स्वतःबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगायला लावली. काका म्हणाला, "मी स्वल्पविराम बघतो." लोक हसले. काकाला कळेना, यात काय झालं. मग त्याला बसायला दाणे भरलेली एक गोणी दिली. काका तिच्यात बसला तो बसतच गेला. गुडघे कानाशी आले. लॅपटॉप पोटावर. उठायला दोन माणसं लागली, आणि उठवल्यावर त्यांनीच शाबासकी दिली.

पण तिथे एक काचेची कपाटवजा खोली होती, फोनवर बोलणाऱ्यांसाठी. बाहेर आवाज जात नाही म्हणे. काकाचा जीव भांड्यात पडला. दार लावलं आणि पहिलंच पान असं खणखणीत वाचलं, की दोन महिन्यांचा घसा मोकळा झाला. पाचव्या ओळीला दिवा गेला. त्या खोलीत हालचाल थांबली, की दिवा आपोआप विझायचा. मग काका तोंडाने वाचतोय, उजवं बोट पानावर चालवतोय आणि डाव्या हाताने गाडी थांबवल्यासारखा डोक्यावर हात हलवतोय, असं सुरू झालं. वीस मिनिटांनी खोली पीं पीं करायला लागली. पाळी संपली. बाहेर चौघं रांगेत उभे. त्यातला टाय लावलेला एकजण आदराने म्हणाला, "फार मोठा व्यवहार दिसतोय. हातवारे बघून मी आमच्या भागीदारालाही बोलावलं."

"नाही हो. जुलाबाचं औषध आहे," काका म्हणाला.

टायवाल्याने काकाचं कार्ड मागितलं.

दोन दिवस गेले होते आणि चौऱ्याऐंशीपैकी नऊ पानं झाली होती. संध्याकाळी काकूने ताट वाढताना विचारलं, "काय, जमलं का कुठे?"

"एका ठिकाणी बोलू देत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी गप्प बसू देत नाहीत."

"मग मी पाळी बदलून मागू का?"

"नको," काका म्हणाला. पाळी बदलायची तर सहा महिने थांबावं लागतं, हे दोघांनाही माहीत होतं. "शुक्रवारपर्यंत काय बदलणार आहे?"

बुधवारी तो एका कुलपं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर गेला. पूर्वी तिथे फर्निचरचं गोदाम होतं. एकही टेबल दुसऱ्यासारखं नाही. एक तर चक्क जेवणाचं टेबल, त्यावर सुरीने काढलेले चरे. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांचा नियम एकच होता. "बोलायचं तर बोला. भांडायचं तर जिन्यात." खालून कानस घासल्याचा आवाज सारखा यायचा. एका कोपऱ्यात दोन मुली कशावर तरी वाद घालत होत्या, जिन्यात जाण्याइतका नाही. काकाला जागा अजिबात आवडली नाही. पण शोधायला आता वेळ नव्हता. तो जेवणाच्या टेबलाशी बसला. समोर चाळिशीचा एक माणूस, कानांवर पावाएवढे हेडफोन. काकाने त्याचं नाव मनात हेडफोनच ठेवलं. याला काही ऐकू जाणार नाही, असा हिशेब करून काका वाचायला लागला.

आणि पानं सरकायला लागली. बुधवारी तेवीस, गुरुवारी अठ्ठावीस. कोणी वळून बघितलं नाही. शुक्रवारी सकाळी बासष्टावं पान. तीन तक्ते एकामागोमाग होते. "तीन किलो, शून्य पॉइंट तीन. पाच किलो, शून्य पॉइंट पाच. आठ किलो, शून्य पॉइंट आठ. दहा किलो, एक. बारा किलो, दोन पॉइंट एक. पंधरा किलो, एक पॉइंट पाच." मूळ प्रत बघितली, पान बघितलं. दोन्हीकडे तेच. पुढे.

हेडफोनने हेडफोन काढले.

"माफ करा," तो म्हणाला, "पण मघाशी तुमचं काहीतरी सुटलं."

काका बावरला. "मोठ्याने होतंय का? मी हळू—"

"नाही, नाही. मी सिनेमांचे आवाज साफ करतो. दारं, पावलं, श्वास. माझं काम सुरू नसताना हे नुसतेच कानावर असतात, सवय. तीन दिवस तुमचं ऐकतोय. शब्द एकही कळत नाही. पण तुमची प्रत्येक ओळ अशी जाते." आणि त्याने काकाची नक्कल केली. एकही खरा शब्द नाही, पण चढ, सपाटी आणि शेवटी बादली टेकवल्यासारखं धप्प, इतकं हुबेहूब, की वाद घालणाऱ्या मुली गप्प झाल्या. "तांतता तांता, तंऽ तां, धं. बरोबर? पण आत्ता एक ओळ खाली बसलीच नाही." त्याने तीही करून दाखवली. शेवटाला आवाज वर राहिला, दारात कोणी आलंय का असं विचारल्यासारखा.

"कुठली ओळ?"

"ते मला काय माहीत? तुमची भाषा आहे."

काकाला आधी हसू आलं, मग भीती वाटली. त्याने तक्ता पुन्हा वाचला. हेडफोन डोळे मिटून ऐकत होता. पाचव्या ओळीला त्याने बोट वर केलं. काकाचा आवाज खरंच वर राहिला होता, आणि काकाला ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

बारा किलोच्या बाळाला पंधरा किलोच्या बाळापेक्षा जास्त औषध.

काका मूळ प्रतीकडे बघत राहिला. पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरांचं अक्षर स्वच्छ होतं. दोन पॉइंट एक. तपासणाऱ्याने मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे त्याला विसाव्या वर्षी शिकवलं होतं. प्रत आणि पान जुळलं, की त्याचं काम संपलं. शिवाय त्याला औषधातलं काय कळतं? एखाद्या औषधाचं तसं असेलही. असतंही काय काय. त्याने खूण करायला हात नेला, मागे घेतला. उद्या बाई म्हणाल्या, काका आता डॉक्टरांनाही शिकवायला लागले, तर? मग त्याने समासात लिहिलं, 'मूळ प्रतीतही असेच आहे. तरी कृपया पाहावे.' हे वाक्य त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा तसंच लिहिलं. संध्याकाळी सहाला चौऱ्याऐंशी पानं गेली.

शनिवार, रविवार काका घरात नुसता फिरत होता. काकू म्हणाली, "बसा एका जागी, घर लहान आहे."

सोमवारी सकाळी तो कुलपांच्या दुकानाचा जिना चढत होता, तेवढ्यात बाईंचा फोन आला. बाई थोड्या गप्प राहिल्या. काकाने कठडा धरला.

"काका. पान बासष्ट."

"हां."

"तुम्ही शंका काढलीत म्हणून डॉक्टरांना फोन केला. ते आधी चिडले. म्हणाले, मी दोनदा तपासलंय. मग वही काढली." बाईंनी श्वास घेतला. "एक पॉइंट दोन हवं होतं."

काका जिन्यातच बसला.

"बाकी सगळी पानं स्वच्छ. पण मला एक सांगा, प्रत आणि पान तर जुळत होतं. तुम्हाला कळलं कसं? औषधांचं काही शिकलात का तिकडे?"

"नाही बाई. समोर एकजण बसतो, त्याला कळलं."

"डॉक्टर आहे?"

"नाही. सिनेमातल्या दारांचे आवाज साफ करतो."

"मराठी माणूस?"

"नाही. एक शब्द येत नाही त्याला."

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मलाही नीट समजलेलं नाही, बाई."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, त्यांना अजिबात ठीक वाटत नव्हतं तरी. "दुसऱ्या भागाची एकशे दहा पानं आत्ताच पाठवते. तुमच्याकडेच. आणि तो जो कोणी आहे, त्याच्या समोरच बसा."

काका वर गेला. मालकीणबाईंनी महिन्याच्या जागेचा कागद पुढे केला. त्यावर छापलेला प्रश्न होता, ही जागा का निवडलीत? पुढे चौकोन होते. शांतता, वेगवान इंटरनेट, घराजवळ, आरामशीर खुर्च्या. काकाने चारही वाचले, पेन हवेत धरून थोडा वेळ उभा राहिला आणि सगळे कोरे सोडून खाली सही केली. मग जेवणाच्या टेबलाशी गेला आणि हेडफोनला विचारलं, "तुम्ही अजून किती दिवस आहात इथे?"

"सिनेमा संपेपर्यंत. म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत. का?"

काकाने एकशे दहा पानं दिवसांत वाटून पाहिली. रोज अकरा पडत होती, शनिवार-रविवार धरून. हाताशी एक जास्त धरून बारा केली. खुर्ची पुढे ओढली, मूळ प्रतीचं पहिलं पान उघडलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच सुरुवात केली.